रेसचा ट्रक आणि कोंडाईबारीचा उतार

आज कोडिंग-बिडिंग बाजूला ठेवू. आज ट्रकची रेस.

हसू नका, आपल्याकडे झालीय ती. २३ मार्च २०१४, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, टाटांचे प्राइमा ट्रक. सहा टीम, बारा गाड्या. ड्रायव्हर मात्र परदेशी. आपले ट्रकवाले चालवायला उतरले ते २०१६ मध्ये. दोन वर्षं का लागली, हे मला अजून खटकतं, पण तो विषय वेगळा.

रेससाठी ट्रक तयार करायचा म्हणजे काय? मला वाटायचं, इंजिनची ताकद वाढवायची, झालं. तसं नाहीये. केबिनमध्ये लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवतात, म्हणजे गाडी उलटली तरी टप दबत नाही. रेसिंग सीट, पट्टे, प्रोपेलर शाफ्टला गार्ड. हे सगळं ठीक. पण खरा जीव अडकतो ब्रेकमध्ये.

युरोपातल्या मोठ्या स्पर्धेत ताशी १६० किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि वजन ५,३०० किलोच्या खाली न्यायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे हजार हॉर्सपॉवर असली तरी सरळ रस्त्यावर सगळे सारखेच. फरक पडतो तो वळणाआधी कोण किती उशिरा ब्रेक मारतो त्याने. मी हिशेब केला. तेवढा ट्रक १६० वरून पूर्ण थांबवायचा तर साधारण ५२ लाख ज्यूल उष्णता निघते. दोन लिटर पाण्याची पार वाफ होईल एवढी. तीही एकदा नाही, प्रत्येक फेरीत परत परत. म्हणून हे ट्रक पाण्याची टाकी घेऊनच पळतात, आणि ब्रेक मारताना डिस्कवर पाण्याचा फवारा सोडतात.

इथे मी अडकलो. कारण बारा वर्षांचा असताना मी मामांच्या ट्रकमध्ये होतो. कांदा भरलेला, धुळ्याहून सुरतेकडे. कोंडाईबारी घाट उतरून विसरवाडीकडे येताना करपल्याचा वास आला, मागच्या चाकातून धूर. मामांनी गाडी पहिल्या गिअरवर आणून कशीबशी कडेला घेतली. त्यांचे हात थरथरत होते, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. क्लीनर बादली घेऊन धावला, तर मामा ओरडले, "पाणी नको टाकू रे भो, ड्रम तडकी जाई!" मग आम्ही तासभर नुसते बसून राहिलो.

मग रेसमध्ये पाणी कसं चालतं? तर तिथे फवारा अगदी बारीक, मोजून, ब्रेक दाबल्याबरोबर सुरू होतो. उष्णता साचूच देत नाही. लालबुंद ड्रमवर बादली ओतली, तर एक बाजू एकदम आक्रसते, दुसरी तापलेलीच राहते, आणि बीड तडकतं. मामांना हे कोणी इंजिनिअरिंगला शिकवलेलं नव्हतं. मला चार वर्षं बी.टेक.मध्ये शिकवलं, तरी जोडता आलं नाही.

अजून एक हिशेब. माल धरून २५ टनांचा ट्रक फक्त १०० मीटर उंची उतरला, तर जवळजवळ २४५ लाख ज्यूल कुठेतरी घालवावे लागतात. म्हणजे रेसच्या पावणेपाच ब्रेकांइतके, आणि टाकी-फवारा काही नाही. त्यातला मोठा वाटा इंजिनने घ्यावा म्हणून खालचा गिअर. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे अजून भेटतात, त्यांना हा भाग जरूर पाठवा. तिथे सगळी उष्णता एकट्या ब्रेकवर येते.

गेल्या दिवाळीला मामांना मोबाइलवर त्या रेसचा व्हिडिओ दाखवला. पिंजरा, फवारा, हजार हॉर्सपॉवर, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "माल कितला शे?"

म्हटलं, मामा, रिकामाच पळतो.

"मंग?" म्हणाले, आणि चहा घेतला.