सेगा, झाकरी आणि आपली लेंगी



आज हप्ते, व्याज, कर्ज काही नाही. आज आपण नाचाबद्दल बोलणार आहोत.

आमच्या बचत गटातल्या एका मावशींची लेक मॉरिशसला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. मॉरिशस हे हिंदी महासागरातलं बेट, आपल्या वाशीम जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. सुट्टीच्या दिवशी ती समुद्रकाठी नाच बघायला जाते, तिथले व्हिडिओ आईला पाठवते, आणि गटाची बैठक आटोपली की ते आम्ही सगळ्या मिळून बघतो.

त्या नाचाचं नाव सेगा. मळेवाल्यांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांचा हा नाच. दिवसभर राबायचं आणि रात्री शेकोटीभोवती गायचं, नाचायचं. बायकांचे घोळदार घागरे, कमरेचा ठेका, आणि पाय मात्र जमिनीवरून उचलायचे नाहीत, घासतच न्यायचे. साथीला रावान नावाचं बकरीच्या कातड्याचं वाद्य. वाजवण्याआधी ते जाळावर शेकतात. ते बघून आमच्या एक काकू म्हणाल्या, "अवं, हे तं आपलं डफडंच हाय!" खरंच आहे. शेकल्याशिवाय आपलंही डफडं कुठं बोलतं?

मोठ्या घरच्या लोकांना सेगा असभ्य वाटायचा. पण 30 ऑक्टोबर 1964 ला ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी सेगाची मोठी रात्र झाली, आणि टी फ्रेर नावाच्या चौसष्ट वर्षांच्या गायकाला सेगाचा राजा म्हणून मान मिळाला. 2014 मध्ये युनेस्कोने सेगाला मानवजातीच्या वारशात जागा दिली.

मावशींच्या लेकीनं दुसरा नाच पाहिला तो गणपतीत. तिथल्या मराठी लोकांची झाकरी. 1835 मध्ये गुलामी बंद झाली, तशी उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडली. मग करारावर मजूर नेले, त्यात आपल्या कोकणातलेही होते. त्यांनी सोबत नेलेली जाखडी तिथं झाकरी झाली. आज ही माणसं घरात बहुतेक क्रिओल बोलतात, पण झाकरीची गाणी मराठीच.

लेक सांगत होती, वॉर्डात एक मराठी आडनावाच्या आजी होत्या. हिला क्रिओल नीट येईना, आजींना मराठी बोलता येईना. एका संध्याकाळी हिनं मोबाईलवर झाकरी लावली, तर आजी खाटेच्या कठड्यावर बोटांनी ताल धरून शब्द म्हणू लागल्या. त्या दिवसापासून त्या हिच्याच हातून औषध घ्यायच्या.

आता आपल्याकडे बघू. होळीला तांड्यात लेंगी असते, भादव्यापासून कोजागिरीपर्यंत पोरींची भुलाबाई असते. पण लेंगीच्या जागी डीजे आलाय, आणि भुलाबाईची गाणी शेवटपर्यंत येणाऱ्या बाया गावात बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात. बाई नाचली की "चांगल्या घरच्या बाया नाचत नसतात" हे ऐकावं लागतं, ते वेगळंच. पोहरादेवीला 2024 मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उभं राहिलं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण नगारा काचेमागून बघता येतो, लेंगी तशी बघता येत नाही. ती गाणारं तोंड लागतं, फेर धरणारे पाय लागतात.

म्हणून आमच्या गटानं ठरवलंय. महिन्याच्या शेवटच्या बैठकीत हिशेब झाला की अर्धा तास गाण्याचा. तांड्यातल्या याडी लेंगी सांगतील, गावातल्या आज्या भुलाबाई सांगतील, आणि शिकलेल्या पोरी मोबाईलवर उतरवून घेतील. कोणी हसलं तर हसू द्यायचं. सेगालाही लोक हसलेच होते.

आपल्या पोरी नर्सिंग शिकून उद्या कुठं कुठं जातील. त्यांना जाऊ द्या. जाताना त्यांच्या बॅगेत लोणच्याची बरणी तर आपण ठेवतोच, सोबत चार गाणीही पाठ करून पाठवूया. ती आपल्यालाच येत नसतील, तर त्यांना शिकवणार कोण?