चित्रकार त्रिंदाद आणि आपलीं माणसें

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत दिलेलें व्याख्यान)



या मंगल प्रसंगीं चित्रकलेवर बोलण्याचें आम्हीं कां पत्करलें, हें प्रथम सांगणें अवश्य आहे. महोत्सवाच्या स्मरणिकेसाठीं कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांतील आपल्या जुन्या कुटुंबांकडे आम्ही छायाचित्रें मागावयास गेलों होतों. बिशपमहाशयांच्या भेटींचीं, लग्नांचीं, प्रथम ख्रिस्तप्रसादाचीं छायाचित्रें पुष्कळ मिळालीं. परंतु ज्या वृद्ध मास्तरांनीं पावसाळ्यांत चिखल तुडवीत वाडीवाडीवर जाऊन मुलांस प्रार्थना शिकविल्या, त्यांचा चेहरा कोठेंच मिळाला नाहीं. एका लग्नाच्या छायाचित्रांत मागच्या रांगेंत त्यांचा अर्धा खांदा तेवढा दिसतो. तें आमच्या हातीं देतांना त्यांची नात म्हणाली, “एवढेच उरलेत आमचे आजोबा.” तिचे हे शब्द अजून आमच्या मनांतून जात नाहींत. म्हणूनच, मनुष्याचा चेहरा जतन करणें हें ज्यांनीं आपलें जीवितकार्य मानलें, अशा आपल्याच धर्मांतील एका थोर चित्रकाराची ओळख आज करून द्यावी असें आम्हांस वाटलें.

आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांचा जन्म 1870 सालीं गोव्यांतील सांगे येथें एका कॅथोलिक घराण्यांत झाला. गोव्यावर त्या काळीं पोर्तुगिजांची सत्ता होती. तेथून ते मुंबईस आले, 1857 सालीं स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिकले आणि पुढें तेथेंच शिक्षक झाले. तैलरंगांतील व्यक्तिचित्रांत त्यांचा हात असा बसला कीं, रसिकांनीं त्यांस ‘पूर्वेचे रेम्ब्रां’ ही पदवी दिली. 1935 सालीं ते निवर्तले.

रेम्ब्रां हा सतराव्या शतकांतील हॉलंडचा चित्रकार. त्याच्या चित्रांत बहुतेक भाग काळोखांत असतो आणि एका बाजूनें, किंचित् वरून आलेला उजेड चेहऱ्यावर पडतो. सावलींतल्या गालावर त्या उजेडाचा लहानसा त्रिकोण उमटतो. या युक्तीनें दागिने, वस्त्रें, खुर्ची, पडदा हीं सर्व मागें राहतात आणि माणूस तेवढा पुढें येतो. त्रिंदादांच्या चित्रांत हीच दृष्टि आहे. धनवानाचें चित्र काढतांना त्याचें ऐश्वर्य रंगविणें सोपें असतें, कारण त्यास तेंच हवें असतें. पण ज्याच्यापाशीं रंगविण्याजोगें ऐश्वर्य नाहीं, त्याच्या मुद्रेंत काय आहे तें शोधावयास चित्रकारास त्याच्यासमोर तासन्‌तास बसावें लागतें. व्यक्तिचित्र म्हणजे एका माणसानें दुसऱ्या माणसाकडे केलेलें दीर्घ अवधान होय.

हें अवधान त्रिंदादांनीं प्रथम आपल्या घरांतल्या माणसांकडे वळविलें. 1920 सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक त्यांस मिळालें, तें आपल्या पत्नीच्या चित्राबद्दल. ही परंपरा त्यांच्यामागें खुंटली नाहीं. 1956 सालीं कार्कळ येथें जन्मलेले व मुंबईच्या त्याच कलाशाळेंत शिकलेले आजचे विख्यात व्यक्तिचित्रकार श्री. वासुदेव कामत यांस 2006 सालीं अमेरिकेंतील व्यक्तिचित्रकारांच्या संस्थेचें सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळालें. त्या चित्राचें नांव ‘माझी पत्नी’ असें आहे. दोघांमध्यें शहाऐंशी वर्षांचें अंतर, धर्म निराळे, तरी प्रेरणास्थान एकच! जें रोज डोळ्यांसमोर असल्यामुळें आपणांस दिसेनासें होतें, तेंच या दोघांनीं पाहिलें.

त्रिंदादांची कन्या आंजेला (1909–1980) हीही त्याच कलाशाळेंत शिकली. परंतु तिनें पित्याच्या पुढें एक पाऊल टाकलें. पित्यानें आपलीं माणसें युरोपीय पद्धतीनें रंगविलीं, तर कन्येनें प्रभु येशू व पवित्र मरियामाता यांस भारतीय वेषांत आणिलें. या पितापुत्रींचीं पुष्कळ चित्रें पणजी येथें फोंतेन्यांस भागांतील ‘फुंदासांव ओरिएंत’ या संस्थेंत जपून ठेविलीं आहेत. गोव्यास जाल तेव्हां तीं अवश्य पाहावीं.

हा मार्ग मात्र निष्कंटक नव्हता. गोव्यांतील सांतु इस्तेव बेटावर 1902 सालीं जन्मलेले आंजेलो द फोन्सेका हे मुंबईच्या कलाशाळेंतून शांतिनिकेतनांत गेले आणि परत आल्यावर त्यांनीं मरियामातेस लुगडें नेसविलें. कित्येक धर्मबांधवांस तें रुचलें नाहीं. कडक टीका झाली. अखेर ते पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत येऊन राहिले. 1863 सालीं बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाल्यापासून पुण्याची आगगाडी आपल्या कर्जत स्थानकांत जादा इंजिन जोडून घाट चढत आली आहे. तेव्हां हे चित्रकार मुंबईहून जातांयेतांना कितीदां तरी आपल्या दारावरून गेले असतील. 1967 सालीं त्यांचा अंत झाला. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रांत आहे. ज्या चित्रांमुळें गांव सोडावा लागला, तींच आज गोव्यांत मानानें नांदत आहेत!

लुगड्यांतील मरियामाता पाहून आपणांपैकीं कोणाचें मन बिचकत असेल, तर त्यांस आमचा दोष नाहीं. बाळपणापासून डोळ्यांस पडलेली सवय एकाएकीं सुटत नाहीं. पण एक विचारावेंसें वाटतें. मनुष्य परमेश्वराच्या प्रतिमेप्रमाणें निर्मिला गेला, हें आपण धर्मशिक्षणांत शिकतों. मग तान्ह्यास कडेवर घेऊन बाजारास येणाऱ्या ठाकरवाडीच्या मातेच्या मुद्रेवर ती प्रतिमा नाहीं काय? आपल्या मास्तरांच्या मुद्रेवर ती नव्हती काय? संत लूक यांनीं मरियामातेचें चित्र काढलें अशी जुनी आख्यायिका आहे, आणि म्हणूनच चित्रकार त्यांस आपले आश्रयदाते संत मानतात. चेहरा न्याहाळणें हेंही एक भक्तिकर्म आहे, असें ख्रिस्तसभेनें फार पूर्वींपासून मानलेलें आहे.

आतां दोन शब्द व्यवहाराचे. आज प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे, आणि तरीही आपल्या वृद्धांचें एकही नीट छायाचित्र पुष्कळ घरांत नाहीं. वृद्धांस खिडकीजवळ बसवावें, उजेड एका बाजूनें येऊं द्यावा, घाई करूं नये. चित्र कागदावर छापून घ्यावें आणि पाठीमागें शिसपेन्सिलीनें नांव, गांव व साल लिहावें. आपल्याकडे घाटाच्या पायथ्याचा पाऊस! जवसाच्या तेलांतील रंग दमट हवेंत सावकाश सुकतो आणि ओल्या भिंतीशीं चिकटलेल्या चित्रास बुरशी धरते. म्हणून पावसाच्या झोडीच्या भिंतीवर चित्र टांगूं नये. चौकटीमागें बोटभर वारा खेळता ठेवावा. आणि जें मूल अभ्यासाच्या वहींत समासांत माणसांचीं तोंडें काढतें, त्यास रागावण्यापूर्वीं तीं तोंडें कोणाचीं आहेत तें एकदां पाहावें.

असो. मास्तरांचें चित्र आतां मिळणार नाहीं. त्यांचे विद्यार्थी या सभेंत बसलेले आहेत; त्यांनीं मास्तरांचें रूप जसें आठवेल तसें लिहून द्यावें, एवढीच आमची विनंती आहे. पुढील महोत्सवाच्या वेळीं कोणा नातीस अर्ध्या खांद्यावर समाधान मानावें लागूं नये. ज्या प्रभूच्या दृष्टीआड एकही मुखडा जात नाहीं, तो आपणां सर्वांस एकमेकांकडे पाहण्याची दृष्टि देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.