सीमेपलीकडून घेतलेली जुनी मोटार : खर्च आणि कर



बुऱ्हाणपूर शहरातून निघालेला माणूस इंदूर–इच्छापूर मार्गाने अल्पावधीत महाराष्ट्राच्या हद्दीत पोहोचतो. इच्छापूर मागे पडले की अंतुर्ली, मुक्ताईनगर, पुढे भुसावळ आणि जळगाव. नातेगोते दोन्हीकडे, केळीचा व्यापार दोन्हीकडे, बोलीही बरीचशी एकच. त्यामुळे शाहपूर भागातील एखाद्या शेतकऱ्याने किंवा शिक्षकाने जळगावच्या बाजारात जुनी मोटार पाहावी, ती पसंत पडावी आणि सौदा करून त्याच सायंकाळी ती घरी आणावी, यात कोणालाही वावगे वाटत नाही. किंमत थोडी कमी पडते, निवडही अधिक मिळते. मात्र रस्त्यावर जी सीमा एका फलकापुरती दिसते, ती करांच्या हिशेबात फार ठळक आहे. सौदा करताना या सीमेचा विचार सहसा होत नाही. तो होतो सहा महिन्यांनी, एखाद्या तपासणीच्या वेळी किंवा दुर्दैवाने एखाद्या अपघातानंतर.

या सीमेचे मूळ राज्यघटनेत आहे. मोटार वाहनांची नोंदणी, हस्तांतरण, विमा या बाबी केंद्रीय कायद्याने, म्हणजे १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये, देशभर एकसारख्या चालतात. वाहनांवरील कर हा विषय मात्र राज्यसूचीत आहे. महाराष्ट्राचा कर १९५८ च्या अधिनियमानुसार आकारला जातो, मध्य प्रदेशाचा १९९१ च्या मोटारयान कराधान अधिनियमानुसार. एकाने घेतलेला कर दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही. जुन्या पिढीला स्मरत असेल की १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी बुऱ्हाणपूर, बुलढाणा, अकोला आणि अमरावती ही सारी नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होती. जळगाव मात्र त्या वेळीही मुंबई राज्यात, म्हणजे सीमेपलीकडेच होते. बुऱ्हाणपूर हे सुरत–आग्रा व्यापारमार्गावरील मोठे ठाणे असल्याने मालाबरोबर जकात भरण्याची सवय या गावाला काही शतकांची आहे. मोटारीच्या बाबतीत ती सवय कोठे हरवते, हे कळत नाही.

आता कराचे स्वरूप पाहू. समजा, जळगावच्या एका गृहस्थाने सहा लाख रुपयांची पेट्रोल मोटार नवी घेतली. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीवर, किंमत दहा लाखांपर्यंत असल्यास, ११ टक्के एकरकमी कर आहे. म्हणजे त्याने नोंदणीच्या वेळी ६६,००० रुपये भरले. हा कर वाहनाच्या दीर्घ आयुष्यासाठी एकदाच भरलेला असतो, पण तो महाराष्ट्रातील वापरासाठी. सात वर्षांनी तीच मोटार अडीच लाखांना बुऱ्हाणपूरच्या शिक्षकाने घेतली. “कर तर भरलेला आहे” असे विक्रेता सांगतो, आणि तो खोटेही बोलत नाही. तथापि ती मोटार मध्य प्रदेशात कायमची राहणार म्हटल्यावर येथील कर नव्याने भरावा लागतो. त्याची आकारणी वाहनाचे वय, मूल्य आणि इंधन पाहून होते. मूळ खरेदीचे बिल मागितले जाण्याचा संभव असतो, म्हणून विक्रेत्याकडून ते आठवणीने मागून घ्यावे. कराची नेमकी रक्कम सौद्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारून घेणे इष्ट. ती अडीच लाखांत मिळवल्यानंतर जी बेरीज येते, तीच त्या मोटारीची खरी किंमत होय. बुऱ्हाणपुरातच नोंदलेली मोटार तीन-चार हजारांनी किंवा वीस हजारांनी महाग वाटली, तरी कित्येकदा या बेरजेपुढे ती स्वस्त ठरते.

पहिल्या राज्यात भरलेल्या कराचा काही अंश परत मिळण्याची तरतूद आहे. वाहन राज्याबाहेर कायमचे गेले आणि दुसरीकडे नोंदले गेले, याचा पुरावा सादर करून परतावा मागता येतो. वाहन जितके जुने, तितका परतावा अल्प. पण येथेच एक वाद हमखास उद्भवतो. कर भरला पहिल्या मालकाने, नवा कर भरणार दुसरा. परतावा कोणाचा? सौद्याच्या कागदावर ही एक ओळ स्पष्ट लिहिली नाही, तर पुढे मूळ मालक अर्जावर सही करण्यास टाळाटाळ करतो आणि रक्कम कोणाच्याच पदरी पडत नाही.

व्यापाऱ्याकडून जुनी मोटार घेतल्यास वस्तू व सेवा कराचाही प्रश्न येतो. त्याविषयी गैरसमज फार आहेत. नोंदणीकृत व्यापाऱ्यास हा कर मोटारीच्या संपूर्ण किमतीवर नव्हे, तर त्याच्या नफ्याच्या फरकावर द्यावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीतील शिफारशीनंतर, जानेवारी २०२५ पासून सर्व जुन्या मोटारींना १८ टक्क्यांचा एकच दर लागू झाला. त्यापूर्वी लहान मोटारींना तो १२ टक्के होता. व्यापाऱ्याने २,२०,००० रुपयांना घेतलेली मोटार २,५०,००० ला विकली, तर कर ३०,००० वर, म्हणजे ५,४०० रुपये होतो. अडीच लाखांचे १८ टक्के, म्हणजे ४५,००० रुपये, असा हिशेब कोणी मांडू लागल्यास खरेदीदाराने तेथेच थांबावे. एका सामान्य गृहस्थाने दुसऱ्यास आपली मोटार विकली, तर हा कर मुळीच लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान मोटारींवरील हा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने नव्या मोटारींच्या किमती उतरल्या आहेत, आणि जुन्या मोटारीचा भाव ठरवताना ही गोष्ट विक्रेत्याच्या ध्यानात आणून देण्यास हरकत नाही.

कराहून अधिक हानी कागदांच्या हेळसांडीने होते. सीमाभागात एक समज रूढ आहे की दुसऱ्या राज्याच्या क्रमांकाची गाडी बारा महिने निर्धास्त चालवावी. अधिनियमाच्या ४७ व्या कलमात बारा महिन्यांचा उल्लेख आहे खरा. तो वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घेण्याविषयी आहे. मालकीबदलाची मुदत वेगळी आहे. ५० व्या कलमानुसार खरेदीदाराने हस्तांतरणापासून तीस दिवसांच्या आत आपल्या रहिवासाच्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे कळवावयाचे असते. स्वतःची गाडी घेऊन बदलीवर आलेला कर्मचारी आणि गाडी विकत घेतलेला गृहस्थ यांची स्थिती एक नव्हे. पहिल्याच्या आधारे दुसऱ्याने सूट गृहीत धरू नये.

प्रथम पायरी ना हरकत प्रमाणपत्राची. मध्य प्रदेशच्या कार्यालयांत त्यास अनापत्ती प्रमाणपत्र म्हणतात आणि बाजारात दोन्हीकडे ‘एनओसी’ म्हणतात. कागद एकच आहे. नमुना २८ मध्ये अर्ज करून तो ज्या कार्यालयात वाहन नोंदलेले आहे तेथून, म्हणजे जळगावच्या एमएच-१९ क्रमांकाच्या गाडीसाठी जळगावहून, मिळवावा लागतो. वाहन चोरीच्या नोंदीत नाही आणि शासनाचे काही येणे नाही, याची खात्री झाल्यावर तो दिला जातो. तीस दिवसांत नकार न कळवल्यास ते दिल्याचे मानले जाते, अशीही तरतूद ४८ व्या कलमात आहे. या प्रमाणपत्रावर वाहन कोठे जाणार त्या कार्यालयाचे नाव अचूक असणे अगत्याचे आहे. बुऱ्हाणपूर हा १५ ऑगस्ट २००३ पासून स्वतंत्र जिल्हा असून त्याच्या वाहनांचा संकेत एमपी-६८ आहे. जुन्या सवयीने कोणी खंडवा लिहून आणतो आणि जळगावची फेरी पुन्हा पडते. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, आणि नव्या क्रमांकासाठी नमुना २७ लागतो. या अर्जांची शुल्के कराच्या मानाने किरकोळ आहेत. उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीचा खर्च त्यात धरावा.

गाडीवर बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे कर्ज असेल, तर नोंदणी प्रमाणपत्रावर तसा बोजा नमूद असतो. विक्रेत्याने “हप्ते फिटले” असे सांगणे पुरेसे नाही. संस्थेचे पत्र आणि नमुना ३५ घेऊन तो बोजा उतरवलेला असला पाहिजे. दंडाच्या थकीत ई-चलनांची तपासणी आता परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या होते. चेसीस व इंजिन क्रमांक मात्र संकेतस्थळावर नव्हे, प्रत्यक्ष गाडीवरच वाचावेत, आणि तेही दिवसाउजेडी.

कोऱ्या अर्जांवरील सह्यांविषयी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण या व्यवहारातील सर्वांत मोठा धोका तेथे आहे. विक्रेता पैसे घेतो, नमुना २९ आणि ३० वर तारीख न टाकता सही करतो आणि मोकळा होतो. मध्यस्थ ते कागद घेऊन गाडी दुसऱ्यास, दुसरा तिसऱ्यास विकतो. प्रत्येक जण कर आणि शुल्क वाचवल्याच्या आनंदात असतो. शासकीय नोंदीत मात्र पहिलाच मालक राहतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमके असेच प्रकरण आले. गाडी एकापाठोपाठ अनेकांच्या हाती गेली होती, नोंदणी पहिल्याच्याच नावे होती, आणि अपघात झाला. अधिनियमातील मालकाची व्याख्या नोंदणीवर आधारलेली असल्याने नुकसानभरपाईची जबाबदारी ज्याच्या नावे नोंदणी आहे त्याच्यावरच राहते, असा निर्णय न्यायालयाने दिला. अपघातग्रस्ताने गाडी कोणी कोणास विकली याचा माग काढीत फिरावे, हे कायद्याला अभिप्रेत नाही. म्हणजे जळगावचा तो गृहस्थ, ज्याने गाडी कधीच विकली, बुऱ्हाणपूरच्या रस्त्यावरील अपघातासाठी न्यायाधिकरणात उभा राहू शकतो. हस्तांतरण पूर्ण करण्यात खरेदीदाराइतकाच विक्रेत्याचाही स्वार्थ आहे. पण विक्रीचे पैसे हाती पडल्यानंतर हे त्याला पटवून देणारे कोणी नसते.

यावर उपाय म्हणून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घेण्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. अशा व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना विक्रेत्याने दिली की त्या काळापुरता व्यापारीच मालक मानला जातो. प्राधिकारपत्र दाखवा, असे म्हणण्यास ग्राहकाने संकोच करू नये.

विम्याचेही तसेच. गाडीबरोबर त्रयस्थाविषयीचा विमा खरेदीदाराकडे गेला असे मानले जाते, तरी चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीस कळवणे खरेदीदाराचे काम आहे. ते न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. विमा संपलेली गाडी चालवल्यास पहिल्या अपराधास दोन हजार रुपये दंड, कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. विक्रेत्याच्या नावे असलेला फास्टॅगही बंद करून नवा घ्यावा, अन्यथा टोल एकाच्या खात्यातून आणि प्रवास दुसऱ्याचा, असे चालू राहते.

गाडीचे वय हाही कराइतकाच महत्त्वाचा खर्च आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते, आणि ती पहिल्या नोंदणीपासून मोजली जाते, नव्या मालकाच्या नावापासून नव्हे. तेरा वर्षांची गाडी घेणाऱ्यास दोन वर्षांनी योग्यता तपासणी करून नूतनीकरण करावे लागते, आणि त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे. दिल्ली परिसरात जुन्या मोटारींवर आलेल्या निर्बंधांमुळे तेथील गाड्या इतर राज्यांत स्वस्त विकल्या जाऊ लागल्या. त्यांचा कमी भाव पाहताना हे गणित जवळ ठेवावे. शासकीय जीपचा लिलाव हा ग्रामीण भागात एके काळी मोठ्या उत्सुकतेचा विषय असे. पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू राहत नाही. ती अधिकृत भंगार केंद्राकडे जातात, त्यामुळे तो मार्ग आता बंद समजावा.

कामानिमित्त राज्ये बदलणाऱ्या काही कर्मचाऱ्यांसाठी भारत मालिकेचा क्रमांक १५ सप्टेंबर २०२१ पासून उपलब्ध झाला. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरला जातो आणि राज्य बदलल्यावर पुन्हा नोंदणी लागत नाही. सैन्यदल, केंद्र व राज्य शासन यांचे कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांचे कर्मचारी त्यास पात्र आहेत. सीमाभागातील शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी याची चौकशी अवश्य करावी. सामान्य शेतकऱ्यास त्याचा उपयोग नाही.

परदेशातून जुनी मोटार आणण्याविषयीही कधी कधी विचारणा होते, विशेषतः ज्यांची मुले आखाती देशांत किंवा इंग्लंडात आहेत अशांकडून. तो मार्ग जवळजवळ निषिद्धच समजावा. गाडी निर्मितीपासून तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचे सुकाणू उजवीकडे असावे आणि ती केवळ मुंबई बंदरातूनच यावी, अशा अटी आहेत. सीमाशुल्क गाडीच्या मूल्याहून अधिक भरते. आखातातील गाडीचे सुकाणू तर डावीकडे असते, त्यामुळे तेथील प्रश्न मुळातच मिटतो.

बुऱ्हाणपूरच्या खरेदीदाराने जळगावला जाण्यापूर्वी येथील जिल्हा परिवहन कार्यालयात गाडीचे वर्ष, नमुना आणि इंधन सांगून कराचा आकडा लिहून घ्यावा. तो कागद खिशात ठेवूनच भाव करावा. सौदा पक्का झाल्यावर सर्व रक्कम एकदम न देता, ना हरकत प्रमाणपत्र हाती येईपर्यंत काही भाग राखून ठेवण्याची अट लेखी करून घ्यावी. प्रामाणिक विक्रेता तिला सहसा नाही म्हणत नाही.