डाव्या हाताची सेवा



विणेकरी बाबा, टाळकरी मंडळी, डोक्यावर तुळस घेणाऱ्या मायमाउल्या अन् पुढं बसलेली मृदंग शिकणारी पोरं, सगळ्यांना माझा दंडवत. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनाला उभा राहतो ती संतांची कृपा, भाषण काही मला येत नाही. पण आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, चार शब्द बोला म्हणले, तर पोरांच्या कामाचं बोलतो.

विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. आपल्या गेवराईकडची पोरंही आता आळंदीला शिकायला जातात. त्यांचा उजवा हात असा पळतो की ऐकत राहावं. पण कोस-दीड कोस चाललं की डावा गप होतो. शाई बोलती, कणकेची पुडी बोलत नाही. अन् पावली खेळणाऱ्याचा पाय त्या डाव्या पुडीच्या घुमण्यावर पडतो. डावा गेला की मागच्या म्हाताऱ्याचा पाय चुकतो.

हे मला कसं कळलं ते सांगतो. तिशीत असताना कडबाकुट्टीत माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांची शेंडं गेली. मृदंग खुंटीला टांगला. त्या साली वारीत नुसताच चाललो. दिंडीतले म्हातारे मृदंगवाले बाबा म्हणाले, "अरे, डाव्या पुडीला तळवा लागतो. तळवा हाय ना तुला?" मी रडलो बगा.

मंग बाबांनी सांगितलं तसं केलं. बैलांना वैरण टाकली की रोज पाव तास फक्त डावा. उजवा मांडीवर. पहिला महिना नुसता 'ग': तळवा टाकायचा अन् लगेच उचलायचा, पुडी घुमू द्यायची. दुसरा महिना 'क': तळवा तिथंच ठेवायचा, आवाज बंद. मंग ग-क, ग-क, टाळाच्या संगतीनं, सावकाश. उजव्याला बोलवायचं सगळ्यात शेवटी, 'धा'साठी. तेव्हाही चाल डाव्याची, उजव्यानं थांबायचं. वर्ष गेलं, पण पुढच्या आषाढीला मृदंग गळ्यात होता.

पोरांनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. जोर करू नका. खांदा ढिला ठेवा, हात आपल्या वजनानं पडू द्या, दुखलं की थांबा. कणीक वाळली की आवाज चढतो, म्हणून वाटेत पाण्याचा हात लावा. अन् गळ्यातला पट्टा असा बांधा की डावं कोपर वर उचलावं लागणार नाही.

कीर्तनकार हाय, म्हणून एक बोलल्याशिवाय राहवत नाही. दुबळ्याला ओढून पळवलं तर तो पडतो. त्याच्या चालीनं चार पावलं चाललं तर तो आपल्यासंगं पंढरपूरला पोचतो. घरातल्या भावाचं, मागं राहिलेल्या म्हातारीचं अन् हाताचं सारखंच हाय.

आता माझेही हात थकले. माझा मृदंग परत खुंटीला लावायचा नाही. तुमच्यातल्या ज्याचा डावा पंढरपूरपर्यंत बोलंल, त्याच्या गळ्यात मी तो माझ्या हातानं घालीन. लवकर या.

रामकृष्णहरि.