साठीनंतरचा कुंचला

साठी उलटल्यावर कुंचला हाती घेतला की घरातलेच विचारतात, "आता हे काय नवीन?" रवींद्रनाथ टागोर कवितेच्या वहीतल्या खाडाखोडीतून चित्रांकडे वळले, १९३० साली पॅरिसला त्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा वय जवळपास ६९. आपले अमोल पालेकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले, सिनेमात रमले आणि उतारवयात पुन्हा कॅनव्हासपाशी आले.

मोरगावकरांना तर चित्रासाठी विषय शोधत हिंडायला नको. मयूरेश्वर गणपतीच्या देवळाचे चार कोपऱ्यांतले मिनार, गणपतीपुढे बसलेला नंदी (हे तसं नवलच!), कऱ्हा नदीचा काठ. आधी पेन्सिल, मग जलरंग: फिकट अगोदर, गडद नंतर, पांढऱ्यासाठी कागद कोराच सोडा. महागड्या ब्रशच्या नादी लागू नका. खर्च जाड कागदावर करा. पातळ कागद पाणी लागताच फुगतो.