भरलेली खुर्ची, रिकामी खुर्ची
(सहायकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी मी तुम्हांला वसतिगृहाविषयी सांगतो. आज एका मतदानाविषयी सांगतो.

निवडून दिलेल्या नगराध्यक्षाला मुदतीआधी परत बोलावण्याची तरतूद मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या कायद्यात आली. तीन-चतुर्थांश नगरसेवकांनी मागणी केली की मतदार गुप्त मतदान करतात. चिन्हे दोनच: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. २००८ साली छत्तीसगडमधील गुंडरदेही, नवागढ आणि राजपूर या छोट्या गावांनी रिकामी खुर्ची निवडली.

आपल्याकडे थेट निवडलेल्या सरपंचाबाबत असेच काहीसे आहे. पहिली दोन वर्षे अविश्वास ठराव आणता येत नाही. नंतर तीन-चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर केला, तरी विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने गावाची संमती लागते.

आमच्या भागातल्या एका गावात ही वेळ आली. सरपंच आदिवासी बाई, चौथी शिकलेली. रस्त्याच्या बिलावर तिने सही केली नाही. नऊपैकी सात सदस्य तिच्याविरुद्ध गेले.

ग्रामसभेआधी पाड्यावरच्या बाया माझ्याकडे आल्या. "भाऊ, शिक्का कुठं मारायचा?"

माझे मत ठरलेले होते. सांगितले असते तर त्यांनी ऐकलेही असते. पण ठेकेदार सांगतो म्हणून मत द्यायचे आणि मिशनचा माणूस सांगतो म्हणून द्यायचे, यात फरक काय? मी म्हटले, "ते तुम्ही ठरवा. आधी रस्त्यावरची पाटी वाचून या."

आपल्या रात्रीच्या वर्गात त्या दोन वर्षे अक्षरे गिरवत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. घोटाभर चिखलात उभे राहून एकीने मोठ्याने वाचले, "काम पूर्ण." पुढची रक्कम दुसरीने वाचली. मग कोणी काही बोलले नाही.

थोड्या मतांनी सरपंचाची खुर्ची राहिली. ती आभार मानायला पाड्यावर आली, तेव्हा एक म्हातारी तिला म्हणाली, "या वेळी ठेवली, बाई. आता दर ग्रामसभेला हिशेब वाचून दाखव. आम्हांला वाचता येतं."

तुम्ही पाठवलेल्या देणगीतून त्या वर्गाच्या पाट्या आणि दिव्याचे तेल येते. शेजारच्या दोन पाड्यांनीही वर्ग मागितला आहे. त्यांची आठवण ठेवा.