लेझरनंतरचे दिवस

प्रोस्टेटचं होल्मियम लेझर ऑपरेशन झालं, एकदोन दिवसांत लघवीची नळी निघाली, की माणूस घरी येतो आणि बरं झालो असं धरून चालतो. पोटावर टाका नाही, मग घरच्यांनाही तसंच वाटतं. जखम मात्र आत असते. ती भरायला काही आठवडे लागतात. तोवर लघवीला जळजळ, घाई, थोडी गळती चालायचीच. दहाबारा दिवसांनी आतली खपली सुटते आणि स्वच्छ झालेली लघवी पुन्हा गुलाबी दिसते. घाबरू नका, डॉक्टरांनी बेताने प्यायला सांगितलं नसेल तर पाणी वाढवा. पण रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली, थंडी वाजून ताप आला, तर मध्यरात्रीही दवाखाना गाठा.

शौचाला कुंथू नका. भरलेली बादली, गॅसचं सिलिंडर, खड्ड्यांतून स्कूटर, सगळं महिनाभर बंद. आणखी एक, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. बहुतेकांच्या बाबतीत हे कायमचं, पण त्याने अपाय नाही.

काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल मागून घ्या. ग्रंथीचा बाहेरचा भाग आतच राहतो, त्यात कर्करोग होऊ शकतो, म्हणून पीएसए ही रक्ततपासणी पुढेही डॉक्टरांच्या सल्ल्याने करत राहा.